बायकोच्या कागदावर कॅनडा

सन १९७९. माझं वय एकेचाळीस. त्या वर्षी एका गोऱ्या साहेबानं मला अगदी शांतपणे विचारलं, की तुमची दुसरी बायको कुठं आहे?

मला एकच बायको होती. (एकच कशी पुरते, हे आमच्या घरी येऊन कुणीही बघावं.)

पोलादपूरला हमरस्त्याला लागून एका वर्कशॉपात मी वेल्डर होतो. आंबेनळी घाटात ट्रकांच्या चासी मोडायच्या नि मी त्या जोडायचो. माझा सांधा पुन्हा उकलला, असं सांगणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय! पण मालक दुकान विकून लेकाकडे पुण्याला चालला, आणि माझ्या हातातली मशीन जाणार हे ठरलं. त्याच सुमाराला माझ्या मेव्हण्याचं पत्र आलं. बायकोचा हा सख्खा धाकटा भाऊ, शांताराम, नऊ वर्षं कॅनडात होता.

त्यानं लिहिलं होतं, इथं कायमचं राहायला यायच्या दोन वाटा. एक, स्वतःच्या हुन्नरावर. त्यात शाळा, कसब, भाषा, वय, सगळ्याला मार्क. दुसरी, इथल्या नातेवाइकाच्या शिफारशीवर. नातं दाखवलं की वरचे मार्क मिळतात. 'दाजी, तुम्ही दुसरीच धरा. बहिणीच्या नावाचा कागद मी व्हिसाच्या कचेरीत पाठवलाय.'

"चासी मी जोडायच्या नि शिफारस शांतारामाची?" मी म्हणालो. "ज्याला सायकल मी शिकवली त्याची?"

"अवो, पन मार्क जास्ती पडतात असं लिवलंय," बायको म्हणाली.

"मला मार्कांची भीती नाय."

"तिसरीत पन नव्हती. म्हनून तर तितंच ऱ्हायलाव!"

मी हुन्नराची वाट धरली. एकदा धरली की धरली. फॉर्म भरायला शेजारच्या गुरुजींना बसवलं. एका रकान्याशी येऊन ते थांबले.

"पत्नीचं आधीचं नाव?"

"नाय."

"अहो, माहेरचं काहीतरी असेलच ना."

"माझ्या घरात आली तवापासनं ती कमल. आधीचं आमी ठेवत नाय. लिवा, 'नाही'."

आता हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. आमच्यात लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. मला सुलोचना हवं होतं. भटजींनी अंगठी हातात दिली, भोवती दोन गावांची माणसं, आणि माझ्या ध्यानात आलं की सुलोचना लिहायला जेवढं शिक्षण लागतं तेवढं आपल्याजवळ नाही! मग काना नाही, मात्रा नाही असं बघून मी 'कमल' लिहिलं. लोक म्हणाले, वा, काय गोड नाव शोधलंय! मी मान डोलावली. (आज पहिल्यांदा खरं सांगतोय.) माहेरची ती द्रौपदी. ते तर मला वाचायलाही जड.

महिन्याभरानं दोघांना मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं. गोरा साहेब, बाजूला मराठी सांगणारा कारकून.

"शाळा?"

"तिसरी."

"वेल्डिंगचा दाखला?"

"आंबेनळीत जा म्हनावं. दाखले घाट चढतायत!"

कारकुनानं ते सांगितलं की नाही, देव जाणे. साहेबानं मार्क मांडले नि मान हलवली. ती मान मला कळली. तिसरीतल्या मास्तरांचीही अशीच हलायची.

"तिथं नातेवाईक कोणी?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, "हाय की! माझा सख्खा भाऊ!"

साहेबानं फायलीतून शांतारामाचा कागद काढला. एकदा कागद, एकदा माझा फॉर्म, एकदा बायको, असं तीनदा बघितलं.

"कागदावर बहीण आहे द्रौपदी," कारकून म्हणाला. "या तर कमल. मग द्रौपदी कुठं आहे?"

"ही काय, हीच!"

"पण यांना दुसरं नाव नाही असं तुम्हीच लिहून दिलंय."

"नायच! ते मी तांदळात मोडलं!"

कारकुनानं तांदूळ इंग्रजीत समजावायला घेतला. बराच वेळ लागला. साहेबानं पेन खाली ठेवलं आणि तो दुसऱ्या बायकोचा प्रश्न विचारला.

"एकच हाय, साहेब! आईशप्पथ!"

"हे बघा," कारकून हळू आवाजात म्हणाला, "खोटं लिहून दिलं असं ठरलं, तर अर्ज इथंच संपला. मग भाऊही नाही नि कॅनडाही नाही."

मी बायकोकडे बघितलं. नऊ वर्षं तिनं भावाचं तोंड बघितलं नव्हतं, आणि माझ्या एका 'नाय'नं सगळं बुडायला आलं होतं. तिनं मात्र पिशवीत हात घातला नि एक कागद टेबलावर ठेवला.

"ह्ये काय गो?"

"दाखला. दोनी नावं येकाच बाईची. सरपंचाची सही हाय."

"कदी आनलास?"

"तुमी 'नाय' लिवलंत, त्याच दुपारी."

त्याखालून तिचा सातवी पासचा दाखला निघाला. मग महाडच्या शिवणक्लासचं सर्टिफिकेट. मग ज्या दुकानात ती चार वर्षं कपडे शिवायची त्या शिंप्याचं पत्र! (क्लासला जायची तेव्हा मीच म्हणायचो, कागद घेऊन काय चुलीत घालायचाय?)

साहेबानं पुन्हा मार्क मांडले. या खेपेला मान हलली नाही.

"साहेब म्हणतात, अर्ज बाईंनी करावा," कारकून म्हणाला. "शिवणकामाला तिकडं मागणी आहे, शिक्षण आहे, भाऊ आहे. मार्क पुरतात."

"आनि मी?"

"तुम्ही यांच्यावर अवलंबून."

"कोन?"

"तुम्ही. तसा रकानाच आहे. कबूल का?"

बायको माझ्याकडे बघत नव्हती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"कबूल," मी म्हणालो. एवढा घट्ट सांधा मी आयुष्यात जोडला नसेल.

एसटीनं पोलादपूरला उतरलो, तर शेजारचे बाबूनाना पडवीत वाट बघत बसलेले.

"काय धोंडीभाऊ, कंच्या वाटेनं चाललाव?"

"घरच्याच," मी म्हणालो.

"माझ्या मागनं," बायको दारातून म्हणाली.

सगळं ऐकून नाना मांडी थोपटायला लागले. "म्हंजी तुमी नांदाया चाललाव!"

"मंग नाव बदलाया पायजे," बायको म्हणाली. "रीतच हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. ताटात तांदूळ पसरले, लग्नातली तीच अंगठी वर ठेवली, पाटावर बसलो आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा हाक मारली, "द्रौपदे!"

ती आली. हसली. पदराला हात पुसून तिनं अंगठी उचलली. बाई सातवी पास. काना, मात्रा, रफार, सगळं येणारी! माझा धीर सुटला.

"अगो," मी म्हणालो, "जोडाक्षर तेवढं नको घालू. सही मला करायचीय!"