तीनशे दोन रिकामी आहे

मुखो बंदराच्या चढावर 'राजमहाल' नावाचं मोटेल आहे. महाल कसला, चार मजल्यांची, वीस खोल्यांची, फिकट गुलाबी इमारत. तिच्या समोरच माझी लॉन्ड्री. गेली सव्वीस वर्षं तिथल्या चादरी माझ्याकडे धुवायला येतात, त्यामुळे राजमहालवाल्या म्योंगजाताईबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. गावातले बाकीचे जे बोलतात, त्यांनी आपापल्या घरात आधी एकदा अनवाणी चालून बघावं.

ताई तेच करते. खोली पुसून झाली की मोजे काढते आणि कोपऱ्याकोपऱ्यातून चालते. तळव्याला एक कण लागला तरी पुन्हा सगळी फरशी. मोरीच्या जाळीत केस, किटलीच्या तळाला पांढरा थर, दाराच्या चौकटीवर धूळ, यातलं काही सापडलं की तिला घास गोड लागत नाही. वय सदुसष्ट, गुडघे कामातून गेलेले, तरी पलंगाखाली आडवी होऊन पुसते. मी एकदा म्हटलं, ताई, इथे येणारे पलंगाखाली बघायला येत नाहीत. ती म्हणाली, ते नसतील बघत, मी बघते ना.

येणारे कशाला येतात हे मुखोत शेंबड्या पोरालाही ठाऊक. खोली तासांच्या बोलीवर. गाड्या लावायच्या जागेला जाड पट्ट्यांचा पडदा, म्हणजे आत गेलेली गाडी रस्त्यावरून दिसू नये. पैसे द्यायची खिडकी कमरेच्या उंचीवर आणि एवढीशी, की आत बसलेल्या ताईला फक्त हात दिसावेत. नवऱ्याने माकूळ धरायची होडी विकून ही इमारत घेतली आणि चार वर्षांत तो वारला. ताईने काय करायचं होतं? त्या खिडकीमागे बसून तिने मुलाला इंजिनियर केलं.

मुलगा इनछल. शाळेत पोरं त्याला विचारायची, 'काय रे, तुमच्याकडे तासाला काय भाव?' कुणाला मारून यायचा, कुणाचा मार खाऊन यायचा, आईला मात्र कधी चकार शब्द बोलला नाही. अठराव्या वर्षी सोलला गेला तो गेलाच. लग्न झालं, मुलगी झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सारा देश एकदम सुट्टीवर निघतो, तेव्हा तोही बायकोमुलीला गाडीत घालून समुद्रावर यायचा. मुक्काम पाऊण तासावर, गांगनुंगला, भाड्याच्या बंगलीत. मुखोत यायचा तो दुपारच्या जेवणापुरता, तेही बंदरावरच्या खानावळीत. ताई केस रंगवून तिथे जायची, नातीला, सोयुलला, माशाचे काटे काढून द्यायची, आणि तीन वाजता हात हलवून चढ चढत परत.

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक रात्र मुलगा, सून आणि नात तिच्या छपराखाली झोपावीत. बस.

म्हणून त्या आठवड्यात ती तीनशे दोन नंबरची खोली कुणालाच द्यायची नाही. लोक दुप्पट-तिप्पट भाडं नाचवत दारात उभे असायचे आणि ही म्हणायची, भरलेली आहे. आठवडा संपला की तिथल्या चादरी माझ्याकडे यायच्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. एका वर्षी मी चिडलो. म्हटलं, न वापरलेली चादर धुवायला साबण काय माझ्या सासऱ्याचा आहे? तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'आठवडाभर पडून होती रे. वास येतो.'

या वर्षी तिने जिवावर उदार होऊन ठरवलं. जुलैपासून तासांची बोली बंद. दरांची पाटी उतरवली, पडदा मीच शिडीवर चढून काढला, आणि नवी पाटी लावली, 'कुटुंबासाठी स्वच्छ खोल्या'. झालं असं की पडदा नाही बघून जुनी गिऱ्हाइकं आली तशी वळली, आणि कुटुंबवाले गुलाबी रंग बघून गाडीचा वेग वाढवून पुढे गेले. धड ना इकडची, धड ना तिकडची. वीसपैकी अठरा खोल्या रिकाम्या, अख्खा किनारा माणसांनी ओसंडत असताना. मी म्हटलं, मुलाला फोन करून सांग तरी काय काय बदललंस ते. ती म्हणाली, बोलावून आलेला नकोय मला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी चार वाजता मी धुतलेल्या चादरी टाकायला गेलो होतो, तेव्हा त्याचाच फोन आला. ताईला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजात असतो. मागे मूल रडत होतं.

"आई, तू इकडच्या सगळ्या हॉटेलवाल्यांना ओळखतेस ना? एखादी स्वच्छ खोली बघून दे. फार महाग नको."

बंगलीत भिंतीला बुरशी होती, उशीवर कुणाचे तरी लांब केस, आणि सोयुलच्या अंगावर गांध्या उठल्या होत्या. त्या पोरीची कातडी आधीच नाजूक. सुनेने, येरिमने, मालकाशी कडाक्याचं भांडण करून सामान गाडीत टाकलं होतं. दुपारपासून वरून खाली किनारा धुंडाळत होते. स्वच्छ ते सगळं भरलेलं, आणि रिकाम्या खुराड्याला चार लाख वॉन.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द जपून म्हणाली, "तीनशे दोन रिकामी आहे."

पलीकडे पोरीचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

"दुसरी बघ, आई."

फोन ठेवून ती जुनी वही काढून एकेकाला फोन लावायला लागली. आकडे चुकत होते. बारा ठिकाणी नकार आला आणि दर नकाराला तिच्या तोंडावर थोडा थोडा उजेड यायचा, हे मी पाहिलं. तेराव्या ठिकाणी घोळ झाला. किनाऱ्यावरचं नवं हॉटेल, कुणीतरी आत्ताच बेत रद्द केलेला, खोली मोकळी, भाडं परवडेल असं. तिथल्या चादरीही माझ्याच. नावं ठेवायला जागा नाही अशी ती खोली.

ताईने डोळे मिटले. फोनवरच्या हॉटेलवाल्या बाईला म्हणाली, राहू दे. आणि मुलाला फोन लावला.

"कुठेच नाही रे. खोटं वाटत असेल तर योमकाकांना विचार." आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला.

मी म्हटलं, "कुठेच नाही, बाळा."

साठी उलटलेल्या माणसाने इतकं निर्लज्ज खोटं बोलू नये. पण तिचं तोंड तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही बोलला असता.

पुढचे तीन तास तिने वेड लागल्यासारखे घालवले. तीनशे दोन पुन्हा पुसली, पुन्हा अनवाणी चालली. मका उकडला, बटाटे उकडले, सातूचा चहा गार करत ठेवला. सातच्या सुमाराला राखाडी गाडी चढ चढून आली आणि ताई दोन्ही हात पुढे करून, हसत आणि रडत, धावत बाहेर गेली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. अशा प्रत्येक मोटेलात भिंतीला चार-पाच छोट्या फळ्या टेकवलेल्या असतात. गाडी उभी राहिली की नंबराच्या पाटीपुढे फळी ठेवायची, म्हणजे कुणाचा मेहुणा चुकून आत डोकावला तरी गाडी ओळखू येत नाही. आम्ही पडदा काढला, दर काढले, फळ्या मात्र तशाच राहिल्या. रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू दिसते कुठे? ना तिला दिसल्या, ना मला.

गाडी थांबली. ताईचा उजवा हात आपोआप भिंतीकडे गेला, फळी उचलली, आणि तिने वाकून ती मुलाच्या गाडीच्या नंबरापुढे नीट उभी केली.

इनछल खाली उतरला. फळीकडे बघत राहिला. आवाज चढवला नाही त्याने, चढवला असता तर बरं झालं असतं.

"आई, आम्हाला कुणापासून लपवतेस?"

ताई आपल्याच हाताकडे बघत उभी. तो परत गाडीत बसला आणि त्याने इंजिन सुरू केलं. तेवढ्यात मागचं दार उघडून येरिम पोरीला खांद्यावर घेऊन उतरली. आजवर मी या सुनेला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. शहरची, नाकावर रुमाल धरणारी, हिनेच मुलाला तोडला म्हणून.

"आई," ती म्हणाली, "हा मला सांगायचा की तुम्हाला पाहुणे झेपत नाहीत. मला वाटायचं, तुम्हालाच आम्ही नको असतो."

ताईने काचेतून मुलाकडे पाहिलं, एकदाच. सुनेला एवढंच म्हणाली, "चल, पोरीला आडवं करू."

वर गेल्यावर येरिमने गादीची कड उचलून पाहिली, चौकटीवरून बोट फिरवलं, किटलीत डोकावली. कुठेही गेली तरी करते म्हणे. मग तिने सोयुलला पांघरुणात ठेवलं. ती पोर दोन मिनिटांत झोपली.

इनछल गाडीतच. ताई मक्याची ताटली घेऊन गेली, काच खाली झाली नाही. मग मी गेलो. मी काही ताई नाही. काचेवर थापा मारून म्हटलं, 'गाढवा, या बाईने तुझ्यासाठी चालता धंदा मोडलाय, उतर खाली.' त्याने काच उतरवली. डोळे लाल होते.

"सगळं कळतं हो, काका. पण त्या खिडकीपुढून मला जाता येत नाही. ती तिथे बसलेली असते."

ताई माझ्या मागेच उभी होती हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तिने ताटली पायरीवर ठेवली. आत जाऊन खिडकीची फळकुटी लावली, कमरेचा एप्रन सोडून खुंटीला अडकवला, आणि रस्ता ओलांडता ओलांडता, गाडीकडे न बघता, मोठ्याने म्हणाली, "योम, आज मी तुझ्याकडे आहे. खिडकीत कुणी नाही."

माझ्या दुकानात कपडे वाळवायच्या यंत्रापाशी एक स्टूल आहे. त्यावर ती बसली, हात मांडीत घेऊन. मी चहा दिला तो तसाच राहिला. पंधरा-वीस मिनिटांनी समोरचं इंजिन बंद झालं. गाडीचं दार वाजलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक उंच सावली आली, पडद्याला हात लागला, थोड्या वेळाने दिवा विझला.

"घरी आला," ताई म्हणाली.

मला भडभडून आलं आणि राग पण आला. म्हटलं, मग इथे काय करतेस, जा ना आता. खाली तुझ्या खोलीत जाऊन पड, सकाळी नातीला उठवशील.

तिने मान हलवली आणि स्टूल दारापासून आणखी आत ओढलं.

"नको रे. मी गेले तर तो उठून जाईल."