कनेरगाव नाक्याचं मशीन

कॉम्प्युटर उघडला की आतून धूळ निघते आणि धुळीबरोबर एक किस्सा निघतो. धूळ ब्लोअरनं उडून जाते, किस्सा मात्र डोक्यात बसतो. हिंगोलीत बारा वर्षं हेच करतोय, डोकं पार गच्च भरलंय. त्यात मी एका जागी बसणारा माणूस न्हाई. बायको म्हणते, ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. एक मशीन उघडं असतं तेव्हाच माझा जीव दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं धावत असतो.

पण गेल्या हिवाळ्यात एका मशीननं मला येडं करायचं बाकी ठेवलं होतं.

कनेरगाव नाक्यावर शबानाभाभीचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. पीकविमा, दाखले, स्कॉलरशिप, सगळं. नवरा बाहेरगावी ट्रकवर, आणि घरच्या त्या गाळ्यावर मोठ्या दिराचा डोळा. त्याला तिथं मोबाइल कव्हरचं दुकान टाकायचं होतं. घरात ठरलं होतं, संक्रांतीपर्यंत सेंटर नीट चाललं तर गाळा भाभीचा, न्हाई तर दिराचा. आणि नेमकं थंडी पडली तसं मशीन अर्ध्या फॉर्मात बंद पडायला लागलं. स्क्रीन काळी, मग आपोआप पुन्हा चालू, फॉर्म पहिल्यापासून. लोक वैतागून उठून जायचे.

भाभीचा फोन आला. "भाऊ, उन्हाळ्यात बराबर चाललं. आता थंडीत तापून राहिलं."

थंडीत तापतंय! म्हणलं, हे धुळीचंच काम असणार. कारण मला वसमतचा शेठ आठवला.

* * *

हा शेठ हळदीचा व्यापारी. दर सीझनला त्याचं मशीन तापून बंद पडायचं. उघडलं तर आत सगळं पिवळंजर्द. प्रोसेसरवरचा पंखा तर ओळखू येत नव्हता. मी चिडलो. म्हणलं, शेठ, पोत्यांच्या शेजारी कॉम्प्युटर ठेवता व्हय, बघा काय हाल केलेत.

शेठनं चष्मा लावला. पंख्यावरची चिमूटभर हळद घेतली, बोटांत चोळली, नाकाजवळ नेली. मला वाटलं, आता माफी मागतोय.

"माल चांगला हाय हो. कुणाच्या गाडीतला असंल?"

* * *

तर पहिल्या चकरेला मी भाभीचं मशीन साफ केलं. धूळ होती, पण मशीन बंद पडावं इतकी नव्हती.

तिथं भाभीचे सासरे रहेमानचाचा भेटले. जन्मभर भांड्यांना कल्हई केलेला माणूस. सून दुकानात एकटी नको म्हणून सकाळपासून तिच्या टेबलामागं शाल पांघरून बसायचे. दिराचं नाव निघालं की घरात भाभीच्या बाजूनं बोलणारे तेवढे एकच. मी आत पाय ठेवला की लगेच उठायचे, खुर्ची मला द्यायचे आणि चहा सांगायला स्वतः हॉटेलात जायचे. भाभी दरवेळी म्हणायची, भाऊ, घडीभर बसून बघा न. बसतोय कोण! मी चहा उभ्यानंच प्यायचो.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. मशीन पुन्हा बंद.

* * *

दुसऱ्या चकरेला म्हणलं, पंखा कशात तरी अडकत असंल. हा संशय मला कळमनुरीकडच्या एका मेंढपाळाच्या घरानं शिकवला. पोरानं कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला आणि ठेवला कुठं, तर आजी लोकर कातायची त्या कोपऱ्यात. पंख्यात लोकर गुंतून त्याचा अक्षरशः गोळा झालेला. मी चिमट्यानं तो काढला आणि अंगणात फेकला.

आजी उठली, गोळा उचलला, झटकला, आणि तिथंच कातायला बसली. मी कॅबिनेट बंद करायला लागलो तर मॉनिटरकडं बोट केलं. "त्या डब्यात बी असंल न, बाबा? तेवढी निघाली असती तं घोंगडीला पुरली असती."

भाभीच्या पंख्यात लोकर नव्हती, काडी नव्हती, काहीच नव्हतं. पंखा सुरळीत फिरत होता आणि माझंच डोकं फिरायला लागलं.

* * *

तिसऱ्या वेळी मी औंढ्याकडच्या हेडमास्तरांना आठवून गेलो. त्यांच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये दसऱ्यानंतर बिघाड व्हायचाच. खंडेनवमीला ते कॉम्प्युटरची पूजा करायचे, आणि अक्षता वरच्या जाळीतून थेट आत. एक तांदूळ पंख्याच्या पात्यात जाऊन बसलेला. मी हात जोडून सांगितलं, सर, पूजा करा, पण मशीनवर काही टाकू नका.

पुढच्या दसऱ्यानंतर सहज डोकावलो. सरांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं. मशीनचा फोटो काढून, फ्रेम करून भिंतीला लावला होता, आणि फोटोला झेंडूचा हार! म्हणलं, गेलं की काय मशीन?

भाभीकडं ना कुंकू ना अक्षता. मी उगाच रॅम काढून खोडरबरनं घासली आणि परत बसवली. काहीतरी केलं एवढंच समाधान.

* * *

मग लाइटीवर संशय आला. हिंगोलीत माझ्या ओळखीचा एक लग्नपत्रिका बनवणारा आहे, त्याच्या भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी. गिरणीची मोटर सुरू झाली की ह्याचं मशीन रीस्टार्ट. अर्धी पत्रिका गायब, नवरी आहे तर नवरा न्हाई. दोघांची भांडणं होऊन होऊन शेवटी तोडगा निघाला. आता गिरणीवाला बटण दाबायच्या आधी भिंतीवर थाप मारतो आणि ओरडतो, "सेव्ह कर रे!"

दळण घेऊन आलेल्या बायासुद्धा आता हे ओरडतात.

पण भाभीच्या शेजारी गिरणी न्हाई, वेल्डिंग न्हाई, काहीच न्हाई. चौथ्या चकरेला मी मशीनच उचलून हिंगोलीला आणलं. दोन दिवस सलग चालवलं. एकदाही बंद पडलं न्हाई. परत नेऊन दिलं, आणि तिसऱ्या दिवशी भाभीचा फोन. आवाज बारीक झाला होता. संक्रांतीला दहा दिवस उरले होते, आणि दीर येऊन गाळ्याचं माप घेऊन गेला होता. मला स्वतःची लाज वाटली. जेवण गोड लागेना.

* * *

पाचव्या चकरेला नाक्यावर पोचलो आणि भाभीच्या दुकानासमोरच माझी गाडी पंक्चर. पंक्चरवाल्यानं चाक खोललं आणि मला बाकड्यावर बसवलं. मला, बसवलं! हातात काही काम न्हाई, नुसतं समोर बघायचं. रस्त्यापलीकडं भाभीचं दुकान उघडं, आणि मी आलोय हे आत कुणालाच म्हाईत न्हाई.

भाभी कुणाचा तरी फॉर्म भरत होती. टेबलामागं चाचा. त्यांनी चपला काढल्या, खाली ठेवलेल्या कॅबिनेटच्या मागच्या जाळीला, जिथून गरम हवा बाहेर पडते, दोन्ही तळपाय टेकवले. वरून शाल घेतली, कॅबिनेटसकट. आणि डोळे मिटले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भाभीनं डोक्याला हात लावला. स्क्रीन गेली.

मी तसाच पळत रस्ता ओलांडला. मला बघून चाचा सवयीनं उठायला लागले. म्हणलं, "चाचा, उठू नका. फक्त पाय काढा तिथून. त्याचा श्वास कोंडून राहिला."

चाचांनी पाय काढले. कॅबिनेटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तं कुणी बोललं काहून न्हाई? मला वाटलं, पोरीनं माझ्या पायासाठीच गरम हवा इकडं काढून दिली. साऱ्या नाक्याला सांगून राहिलो मी."

भाभी खाली बघून कीबोर्ड पुसत होती.

मशीन टेबलावर चढवलं. त्या दिवसापासून एकदाही बंद पडलं न्हाई. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो तर दुकानात बसायला जागा नव्हती. चाचा दाराबाहेर उन्हात पाय सोडून बसले होते. मोठ्या लेकाला त्यांनीच सांगून टाकलं होतं, तुझ्या कव्हरसाठी दुसरीकडं गाळा बघ. मला बघून उठले आणि चहा सांगायला गेले.

ते लांब गेले तशी भाभी हळूच म्हणाली, "भाऊ, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण सासऱ्याला पाय काढा म्हणून सुनेनं कसं म्हणायचं? म्हणून तं तुमाला बोलावून राहिले होते. पाच चकरा लागल्या तुमाला."