उन्हाळी कपड्यांची ट्रंक

अंबिकेच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण संसार झाला तीनच वर्षांचा. बाकीची वर्षं दफ्तराने, नवऱ्याच्या सरकारी कचेरीने, खाल्ली. मध्यभारताचं राज्य तेव्हा दोन गावांतून चालायचं, हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. फायलींचे बस्ते जायचे तसे बाबूही जायचे. तिचा नवरा दिवाकर त्यांतलाच एक कारकून. त्याचे गरम कपडे तिकडच्या खोलीत आणि सुती कपडे इथे इंदूरला, रामबागेतल्या घरी, ट्रंकेत.

मी द्वारकाबाई, तिची शेजारीण. पाळणा कधी हलणार म्हणून बायका तिला टोचायच्या, तेव्हा मीच त्यांना सुनवायची, "ते दफ्तराला विचारा ना." तिच्या सासऱ्यांना, कृष्णरावांना, एकटं टाकून ती ग्वाल्हेरला जाणार तरी कशी?

माघ उतरणीला लागला की ती ट्रंक उघडून कपड्यांना ऊन दाखवायची. म्हणजे दोन महिन्यांत दिवाकर येणार. छप्पन सालीही दाखवलं. कृष्णराव दिवाळीतच गेले होते, घर खायला उठायचं. त्यात रोज नवी बातमी. मध्यभारत मोडणार, राजधानी भोपाळला, कोणी म्हणे जबलपूरला. बाबू लोकांचं काय होणार ते कुणालाच मालूम नव्हतं. ही आपली सदऱ्यांची बटणं शिवत बसलेली. मला तिची इतकी कीव यायची की मी तिच्यावरच खेकसायची.

एका दुपारी दिवाकरच्या दफ्तरातला गजानन आला. रजेवर इंदूरला आला होता, उद्या परत निघायचा होता. त्याने चिठ्ठी दिली. अंबिकेने वाचली आणि माझ्या हातात ठेवली.

'यंदा आमचं खातं उन्हाळाभर इकडेच थांबणार. उन्हाळी कपड्यांची ट्रंक गजाननबरोबर पाठव. पुढचं काही सांगवत नाही.'

गजानन ट्रंक उचलायला वाकला, तर ही तिच्यावर बसली. उठेचना.

"दे गं," मी म्हटलं. "त्याने काय रजई पांघरून उन्हाळा काढायचा?"

"ट्रंक गेली तर त्यांना इकडे यायला कारण काय उरलं, द्वारकाबाई?"



शेवटी ती उठली. ट्रंकेतले अर्धे सदरे काढून पिशवीत भरले आणि मोकळ्या जागेत आपली लुगडी रचायला लागली.

"वहिनी, अहो, तिथे एका खोलीत चार जण राहतो आम्ही," गजानन म्हणाला.

"मग तिघांनी दुसरी खोली बघा. उद्या किती वाजता निघायचं?"

गजानन माझ्याकडे बघत राहिला. मी तिला पुढचं लुगडं दिलं.

सकाळी टांगा आला. रात्रभर अंबिकेला झोप नव्हती, डोळ्यांवरून कळत होतं. घराची किल्ली तिने माझ्या मुठीत दाबली.

"परत कधी येशील गं?" मी विचारलं.

ती ट्रंकेला टेकून बसली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"ते दफ्तराला विचारा ना, द्वारकाबाई."