पाच वाजता द्यायची साक्ष

दुपारची भांडी घासून झाली की हेमलता नवऱ्याच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकते आणि पाठ टेकते. फक्त पंधरा मिनिटं. आडवं व्हायचं, झोपायचं नाही, असं ती रोज ठरवते आणि रोज घोरते.

आज मात्र झोपून चालणार नाही. छातीवर वहीचा फाडलेला कागद आहे. पाच वाजता चर्चमध्ये महिला रविवारची उपासना आहे आणि तिथं सगळ्या मंडळीपुढं उभं राहून तिला साक्ष द्यायची आहे. विषय चर्चच्या पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनीच ठरवून दिलाय, 'खरी प्रीती कशी ओळखावी'. "तुमच्याशिवाय ह्यावर कोण बोलणार, भिंगारदिवेबाई?" असं त्या म्हणाल्या आणि बाकीच्या बायकांनी लगेच माना डोलावल्या. मान डोलावणाऱ्याला साक्ष द्यावी लागत नाही, हे सगळ्यांनाच पक्कं ठाऊक असतं.

नवऱ्याला, शमुवेलला, अर्धांगवायूचा झटका येऊन चार वर्षं झाली. उजवं अंग गेलं, बोलणं अर्ध्याहून जास्त गेलं. एसटीत कंडक्टर होता तो. स्टँडवर 'चला राहुरी, राहुरी' म्हणून ओरडला, की चहाच्या टपरीवरची माणसं कप ठेवून पळत यायची. आता एक शब्द बाहेर काढायला त्याला घामाच्या धारा लागतात.

कागदावर एकच ओळ आहे. 'देवाच्या कृपेनं मला...' पुढं काही सुचत नाही. कारण जे खरं आहे ते लिहिता येत नाही.

खरं असं की तिची प्रीती आटली आहे. बेडपॅन, पेज, कूस बदलणं, पाठीला पावडर, ओली चादर, पुन्हा बेडपॅन. लोक म्हणतात, प्रीती असावी तर हेमलताबाईंसारखी. म्हणायला काय जातं? चादर पिळायला कुणी येत नाही. गेल्या गुरुवारी एकाच दिवसात तिसरी चादर काढताना तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, सोडव आता." कुणाला सोडव, ते तिनं सांगितलं नाही. देवाला कळलं असणार. शमुवेलचे कान शाबूत आहेत, तेव्हा त्यालाही कळलं असणार. त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं.

आता हे चर्चमध्ये उभं राहून सांगायचं आणि लाज घालवायची, की काहीतरी गोडगोड सांगून देवाच्याच घरात खोटं बोलायचं? पाच वाजायच्या आत ठरवायला हवं. पंखा टकटक वाजतोय. बाहेर कुणीतरी खलबत्त्यात काही कुटतंय. कागदावरची ओळ लांब लांब होत जाते, आणि हेमलता स्वतःला बजावते, मी जागी आहे.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं. "म्हातारीला टेकाया जागा दे."

सासूबाई आहेत. राहेलबाई. पांढरं नऊवारी, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी. जाऊन अकरा वर्षं झाली तरी पिशवी तशीच फुगलेली. राहेलबाई मिशनच्या बायबलबाई होत्या. खेडोपाडी पायी जायचं, कुणाच्याही ओट्यावर बसायचं आणि बायकांना देवाच्या प्रीतीची गोष्ट सांगायची, हे त्यांचं काम. ह्याचा त्यांना पगार मिळायचा. मिळाला नसता तरी त्या गेल्याच असत्या.

हेमलता सरकते तसा बाक करकरतो. चर्चमध्ये दुसरं कुणीच नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आहेत आणि त्यांवर चादरी वाळत घातल्या आहेत. पाळक उभे राहून बोलतात ते पुलपिट कुठं दिसतच नाही.

"आत्याबाई, तुम्ही कशा आलात?"

"चालत. मला दुसरं वाहन कधी व्हतं?"

"मला आज साक्ष द्यायचीय."

"ठावं हाय. वरपतुर बोभाटा झालाय. वाच की."

हेमलता कागद उचलते आणि ती एकच ओळ वाचते.

"बास? येवढी साक्ष तर मी नळावर हंडा भरस्तवर द्यायची."

"खोटं कसं बोलू, आत्याबाई? माझी प्रीती संपलीय. मी नुसतं काम करते. घाण्याच्या बैलाला कुणी विचारतं का, तुझी घाण्यावर प्रीती आहे का म्हणून?"

बोलून गेल्यावर ती अंग चोरते. जिवंतपणी राहेलबाईंकडं प्रत्येक दुखण्यावर बायबलचं एक वचन तयार असायचं. दाढ दुखो, सून दुखावो, पिशवीत हात घालायचा आणि वचन काढायचं. आज त्या पिशवीला हातही लावत नाहीत. दोरीवरच्या एका चादरीचं टोक बोटांत धरून वाळली का ते बघतात.

"दमले मी," हेमलता म्हणते. "मेल्यासारखी दमलेय."

"मेल्यावर दमत न्हाई गं मानूस. हे जित्याचं दमनं हाय."

चादर बाजूला करून त्या पुढं होतात. हेमलता त्यांच्यामागं जाते, तर पायाखाली शेताचा बांध आहे. दोन्हीकडं बाजरी उभी. कणसं वाऱ्यानं हलताहेत पण सळसळ ऐकू येत नाही. म्हातारी ताठ चालते आणि हेमलताला तिच्याबरोबर चालताना धाप लागते.

"कुठं चाललोय आपण?"

"घरी. दिस बुडाया आला की मानसानं घरी जावं."

बांध संपतो तिथं एक दगड आहे. दगडापुढं तांब्याचं घंगाळ. पाण्यातून वाफ निघतेय. राहेलबाई दगडावर बसतात, चपला काढतात. पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले आहेत. ते पाण्यात सोडून त्या डोळे मिटतात.

"कुणी ठेवलं हे पाणी?" हेमलता विचारते.

"तुझ्या सासऱ्यानं."

सासरे हेमलताला चांगले आठवतात. घुमा माणूस. चर्चला वर्षातून दोनदा जायचे, नाताळाला आणि कुणी मेलं तर. राहेलबाईंना त्याची फार लाज वाटायची.

"बारा गावांत मी प्रीती सांगत हिंडले," राहेलबाई म्हणतात. "सांजच्याला दारात पाऊल टाकलं की घंगाळात कढत पानी तयार. येक दिस चुकला न्हाई. मला वाटायचं, ह्या रिकामटेकड्याला दुसरा उद्योग न्हाई. वर मंडळीत हुबं ऱ्हाऊन मागायचे, देवा, माझ्या मालकाचं थंड काळीज तापू दे. तो मागच्या बाकावर बसून ऐकायचा. घरी जाऊन परत चूल पेटवायचा."

"मग कळलं कधी तुम्हाला?"

"मेल्यावर. म्हनून तर येवढ्या लांबनं आले." त्या पाण्यात पाय हलवतात. "काखंत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! सगळ्या मुलखाला दावत बसले, अन् घरात व्हती ती वळखली न्हाई."

या बाईनं हेमलताला आयुष्यभर शिकवलं, पण आपलं चुकलं असं कधी म्हटलं नव्हतं. तिला सासूची दया येते आणि थोडी मजाही वाटते, आणि मजा वाटल्याबद्दल लगेच वाईट वाटतं.

"शमूच्या पायाला पेटकं येत्यात का अजून?" राहेलबाई मधेच विचारतात.

"नाही, ते नाताळापासून थांबले. आधी फार हाल व्हायचे. दुपारी पोटरी वळायची तेव्हा असे ओरडायचे की शेजारचे धावत यायचे. मी घरच्या प्रार्थनासभेत उभं राहून आभार मानले देवाचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"आभार मानलंस, ब्येस केलंस. पन थांबलं म्हनून तुला सांगितलं कुनी?"

"ओरडणं थांबलं ना."

राहेलबाई पाय कोरडे न करताच चपलांत घालतात. "चल," म्हणतात. "गाडी लागलीया."

एसटी रिकामी आहे. फक्त अगदी शेवटच्या बाकावर कुणी बाई झोपली आहे. आणि मधल्या दांड्याला टेकून शमुवेल उभा आहे. खाकी गणवेश, खांद्याला चामडी पिशवी, मिशा काळ्याभोर. दोन्ही पायांवर उभा आहे. हेमलता नकळत पदर सारखा करते. असा नवरा होता आपला, हे ती विसरूनच गेली होती.

गाडी सुटते. खिडकीतून त्यांचं घर मागं जातं, मग शाळा, मग चर्च. चर्चच्या दारात पाळकीणबाई हात करताहेत. गाडी थांबत नाही.

"अहो, घंटी मारा ना! चर्च गेलं!"

शमुवेल वर बघतो. घंटीची दोरी त्याच्या डोक्यावरच आहे. तेवढ्यात त्याचा उजवा पाय वाकडा होऊ लागतो. पोटरी दगडासारखी वर चढते, चेहरा काळानिळा पडतो. दांड्यावरून घसरत तो खाली बसतो. डावा हात दोरीकडं जातो, निम्म्यात थांबतो, आणि परत येऊन त्याच्याच तोंडात जातो.

"ओरडा की!" हेमलता किंचाळते. "ड्रायव्हर थांबवेल गाडी!"

तो मान हलवतो. नाही. डोळ्यांनी मागच्या बाकाकडं दाखवतो.

हेमलता बाकांना धरत धरत मागं जाते. झोपलेल्या बाईचं तोंड उघडं आहे. अंगावर पोपटी साडी आहे, कोपराशी हळदीचा डाग पडलेली, आणि छातीवर वहीचा फाडलेला कागद. हेमलतानं स्वतःला असं झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. किती म्हातारी दिसते ही, तिला वाटतं. किती गाढ झोपलीय.

"आत्याबाई, हे रोज असंच करतात?"

राहेलबाई दारातल्या पायरीवर उभ्या आहेत. छत्री उघडताहेत.

"तू माझी संपली, माझी संपली म्हनतीस. तुझी व्हतीच कधी? आपुन केलेली प्रीती बघत बसलं की ती आटल्यालीच दिसती. आपल्यावर कोन करतंय ते वळखावं, बाई. वरच्यानं आधी केली, मग कुना कुनाच्या हातानं धाडली. तिथनं सुरवात."

"मग पाच वाजता मी काय सांगू?"

"ते तुझं तू बघ," राहेलबाई म्हणतात. "मी आता कुनाला शिकवत न्हाई." आणि चालत्या गाडीतून त्या उतरून जातात. गाडी थरथरतेय, पण इंजिनाचा आवाज येत नाही. नुसती थरथर.

हेमलता डोळे उघडते. वर पंखा आहे. चार वाजून गेलेत. खलबत्त्याचा आवाज थांबलाय.

थरथर मात्र थांबलेली नाही. लोखंडी पलंग हलतोय. पलंगाचा पाय भिंतीला लागून अगदी हळू खटखट होतेय. एरवी ती "आले हो, आले" म्हणत कंबरेला हात लावून उठली असती. आज ती हलत नाही. पापण्या किलकिल्या करून पडल्या पडल्या बघते.

शमुवेलचं तोंड तिच्याकडं आहे. तो तिच्याच चेहऱ्याकडं बघतोय, ही उठली तर नाही ना, असं. कपाळावरून घाम उशीवर गळतोय. उजवी पोटरी चादरीखाली आखडून वर चढलीय. आणि डावा हात तोंडात आहे, अंगठ्याच्या बुडापर्यंत.

ती ताडकन उठते. तो चोरी पकडल्यासारखा हात काढतो, चादरीखाली लपवतो आणि आपलं ते वाकडं हसू हसतो. ती आधी पाय धरते. टाच तळहातात घेऊन बोटं नडगीकडं ओढते, पोटरी दाबत राहते. गाठ सुटायला वेळ लागतो. सुटते तेव्हा त्याच्या तोंडून इतका लांब श्वास बाहेर पडतो की तो किती वेळचा कोंडलेला होता ते तिला कळतं.

"हात बघू."

"न्हा... ई."

"बघू म्हणते ना."

ती चादर बाजूला करते. हा हात तो तिला धुऊ देत नसे. तेवढा एक हात चालतो, तेवढं तरी स्वतः करू दे, पुरुषाचा मान आहे, अशी ती समजूत करून घ्यायची. आता ती तो उलटा करते. अंगठ्याखालच्या मांसल भागावर दातांची चंद्रकोर उमटलीय, लाल, ओली. तिच्याखाली दुसरी, खपली धरलेली. तिच्याखाली काळपट, पिवळट, एकात एक मिसळलेल्या कितीतरी. नाताळापासूनच्या.

हेमलताला रडू फुटतं. ती ते आवरत नाही.

"अहो, हाक मारायची ना मला!"

तो बोलायला लागतो. ओठ एका बाजूला ओढले जातात, गळ्याच्या शिरा फुगतात. ती वाट बघते.

"तू... झोपली... व्हतीस."

"गुरुवारी मी देवाला काय म्हणाले, ते ऐकलंत तुम्ही?"

तो डोळे मिटतो आणि मान हलवतो. हो.

"आणि तरी?"

तो तोच हात उचलून खाली सतरंजीकडं दाखवतो.

"झोप... अजून. पाच... ला... उठीवतो."

हेमलता सतरंजीवर जात नाही. पलंगाच्या कडेवर डोकं टेकून तो हात गालाखाली घेते. गालाला ओलं लागतं, आणि त्या ओलाव्यात एकेक दात वेगळा कळतो.