जागा मानवते का

मशीनच्या तेलाचा वास आला की मला धामणगावचं ते दुकान आठवतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. थोरल्या भावाला मास्तरकी सोडून शिलाई मशीनची एजन्सी घ्यायची होती. राजीनामा लिहून खिशातच ठेवला होता. तिथला जुना एजंट वारला होता, दुकान मात्र तसंच मांडलेलं होतं. आमच्याकडे सौद्याआधी दुपारभर गादीवर बसून जागा मानवते का पाहतात, म्हणून आम्ही दोघं पहिल्यांदाच तिथं गेलो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत कापडानं झाकलेल्या मशिनींची रांग. एक बाई आली, म्हणाली, "बारीक सुई द्या जी." भावानं मागं वळूनही न बघता हात नेला, भिंतीतल्या कितीतरी खणांतला एक ओढला आणि सुई काढून दिली. बाई गेली तरी तो हाताकडेच बघत होता. "दादा, तुले कसं ठाऊक?" मी विचारलं. "मले नाही रे, हाताले ठाऊक होतं," तो म्हणाला आणि कुलूप लावायला उठला. राजीनामा त्यानं वाटेतच फाडला. आज एका नव्या शिंप्याकडे गेलो, तर तो सुई शोधत होता. माझा हात आपसूक पुढं झाला आणि त्या हातानंच डावीकडचा तिसरा खण ओढला. सुई तिथंच होती.