पान गावत नाय

नोकरी पक्की होण्याआधी मला माझं काम क्लायंटला दाखवायचं होतं. लॅपटॉपवर उघडणारं त्यांच्या शहापूर शाखेचं पान सर्व्हरवरून उघडेना. न सापडलेल्या पानाच्या जागी दिसणारा मजकूर मी चाचणीपुरता घरच्या बोलीत लिहिला होता. तोच मोठ्या पडद्यावर झळकला: ‘पान गावत नाय.’

“कुठल्या पाड्यावरून आलास रे?” साहेब म्हणाले. क्लायंटही हसला.

यूआरएलमध्ये ‘शहापूर’चं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं होतं, फाइलच्या नावात लहान. लॅपटॉपला ते चालत होतं, सर्व्हरला नाही. अक्षर बदलताच पान उघडलं. साहेबांनी नोकरीवर ठेवलं, त्यांचे उपकार आहेत.

तेव्हापासून ऑफिसात मला ‘गावत नाय’ म्हणूनच हाक मारतात. डोळखांबहून आईचा फोन येतो. “रेंज गावत नाय रे,” ती ओरडते आणि मी फोनचा आवाज कमी करत जिन्याकडे पळतो.