काळीला कोंडलं ते चार दिवस

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा माझा हुकूम ऐकणारं घरात कुणी उरलं नव्हतं. पोरं पुण्याला, ऊस वाट्यानं दिलेला. राहिल्या परसातल्या नऊ कोंबड्या. त्यांची शिस्त बघून मात्र जीव सुखावायचा. जोंधळा टाकला की आधी काळी खायची, मग ठिपकी, मग बाकीच्या. कुणी पुढं घुसलं की काळी टाळक्यात चोच हाणायची. पलटणीत आम्ही नव्या पोरांना असंच सरळ केलं होतं, त्यामुळं मला त्यात वावगं काही वाटायचं नाही.

गेल्या वर्षी मेढ्याला माझी सासू वारली. तिथल्या घराला कुलूप लावताना बायकोनं एकच गोष्ट मागून घेतली, आईनं पाळलेली पांढरी कोंबडी. एसटीत रहिमतपूरपर्यंत तिनं ती मांडीवर धरून आणली. आमच्याकडं नवं काहीही दारात आलं, मग ती म्हैस असो की मोटारसायकल, कुंकू लावल्याशिवाय आत घेत नाहीत. बायकोनं पांढरीच्या डोक्यावरही ओलं कुंकू टेकवलं आणि तिला परसात सोडलं.

लाल दिसलं की कोंबड्या टोचतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ठाऊक असून सुचलं नाही. पहिली चोच काळीनं मारली. कुंकू गेलं, कातडी गेली, रक्त आलं, आणि मग नऊच्या नऊ तुटून पडल्या. बायको बोंब मारत धावली तोवर पांढरीचं डोकं सोललं होतं.

जखमेत हळद भरली, लाल दिसू नये म्हणून वर चुलीची राख चोपडली. दोन दिवस तिला घरात ठेवलं. बाहेर सोडली की काळी पुन्हा अंगावर. तिसऱ्या दिवशी बायकोनं ताट सरकवलं.

"आवं, आईची एवढीच खूण ऱ्हायलीया. ही मेली तर ह्या घरात मी अन्नाला शिवायची न्हाई."

"मरत नाही," मी म्हणालो. "काळीचा माज उतरवतो."

काळीला धरून पत्र्याच्या सपरात डालग्याखाली कोंडलं. चार दिवस कैद. वर दाणा अर्धा. कैद्याला पोटभर मिळत नसतं. ती आतून ओरडायची, वेताच्या फटीतून चोच बाहेर काढायची. जाता-येता मी डालग्याला लाथ घालायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. तिकडं परसात ठिपकी मालकीण झाली. पांढरीच्या जखमेनं खपली धरली, आणि तीही हळूहळू दाण्यापर्यंत पोचली. बायको पुन्हा चार घास खाऊ लागली.

पाचव्या दिवशी सकाळी डालगं उचललं. काळी तोल सावरत थेट दाण्याकडं गेली, आधी खायचा मान आपलाच अशा थाटात. ठिपकीनं तिला उलथं पाडलं. बाकीच्या धावल्या. आणि पांढरी मागून येऊन तिच्या तुऱ्याला लोंबकळली. तुरा फाटल्यावर तिनं डोळा फोडला.

मी काठी घेऊन पुढं झालो, तर बायकोनं दंड धरला.

"मारू द्या की! माझ्या आईची हाय ती. कुनाचं ठेवून घ्यायची न्हाई."

आणि ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काळी भिंतीला चिकटून उरलेल्या डोळ्यानं बघत होती. काठीचं नुसतं टोक पुरलं असतं, सगळ्या पांगल्या असत्या. पण मग बायकोचं हसू थांबलं असतं. मी काठी टेकवून उभा राहिलो.

काळी दुपारपर्यंत टिकली.